नऊ दिवसांचा एक फोटो

मागच्या सेमिस्टरला पोटात दुखायला लागलं म्हणून रूम-पार्टनरने रात्रीच दवाखान्यात नेलं. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करायचं ठरलं. हातातल्या सुईतून आयोडीनचं औषध गेलं आणि काही सेकंदांत अंगभर गरम लाट! तोंडात धातूची चव. कपडे ओले झाले की काय, या विचाराने घामच फुटला. तसं काही झालं नव्हतं. पण असं वाटतं, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

होस्टेलवर परतल्यावर हे मशीन बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्डबद्दल वाचलं. जन्म १९१९, इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचं शेंडेफळ. लहानपणी गवताच्या गंजीवरून घरगुती ग्लायडर घेऊन उड्या मारायचा! युद्धात हवाई दलात रडार शिकला, नंतर लंडनच्या फॅरडे हाउसमधून डिप्लोमा केला. विद्यापीठाची डिग्री नाहीच. १९५१ मध्ये ईएमआय कंपनीत लागला.

त्या काळी मेंदू बघायचा तर पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तिथे हवा भरत. हवा हाच कॉन्ट्रास्ट! पेशंटचं डोकं भयंकर दुखायचं, उलट्या व्हायच्या. १९६७ मध्ये हाउन्सफील्डला सुचलं, की सगळ्या कोनांतून एक्स-रे मोजले तर आतला आडवा छेद कॉम्प्युटरने काढता येईल. पहिलं मशीन चक्क लेथच्या बेडवर उभं राहिलं. एका चित्राला नऊ दिवस लागले, वर कॉम्प्युटरचे अडीच तास! १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनच्या हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला आणि मेंदूतली गाठ स्पष्ट दिसली. हळूहळू ती हवा भरण्याची पद्धत बंदच पडली. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला आणि अ‍ॅलन कॉर्मॅकला मिळालं. २००४ मध्ये तो गेला, पण स्कॅनमधले आकडे आजही त्याच्याच नावाने मोजतात. पाणी शून्य, हवा उणे हजार. आयोडीन रक्तात गेलं की आकडा वाढतो, रक्तवाहिन्या उजळतात.

सुरुवातीची औषधं रक्तापेक्षा कितीतरी जास्त तीव्र, त्यामुळे आग व्हायची. स्वीडनच्या टॉर्स्टन अल्मेन या डॉक्टरांनी सौम्य औषधांची वाट दाखवली. आता उरलीय ती फक्त ऊब.

परवा एका ज्युनिअरचा स्कॅन होता. त्याला म्हटलं, अंग गरम होईल, घाबरू नकोस. अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांग. तो हसत परत आला. मित्रांनो, एवढं सांगायला डिग्री लागत नाही!