पांढऱ्या कपड्यांतला माणूस

८ मे हा दिवस जगभर रेडक्रॉस दिन म्हणून पाळला जातो, कारण १८२८ साली याच दिवशी जिनिव्हातील एका सुखवस्तू घराण्यात हेन्री ड्युनांटचा जन्म झाला. मला मात्र त्याच्या जन्मदिवसापेक्षा तो एकतीस वर्षांचा असतानाचे चार-सहा दिवस अधिक मोलाचे वाटतात.

ड्युनांट हा पेशाने व्यापारी. वैद्यकाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. अल्जीरियातील गिरणीसाठी पाण्याचे हक्क मिळेनात, म्हणून तिसऱ्या नेपोलियनलाच गाठावे या हेतूने तो उत्तर इटलीत गेला. सम्राट तेव्हा ऑस्ट्रियाशी युद्धात गुंतला होता. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनो येथे लढाई झाली आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ४० हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. जखमींचे लोंढे जवळच्या कास्तील्योने गावात आले. तिथे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोठ्या चर्चमध्ये शेकडो माणसे फरशीवर, गवतावर पडलेली. बाहेर अंगणातही तीच स्थिती.

पांढरे कपडे घातलेला हा प्रवासी कामाला लागला. त्याने गावातल्या बायका-मुली गोळा केल्या, पोरांना बादल्या देऊन विहिरीवर पिटाळले, गाडीवानाला ब्रेशियाला धाडून कापड, स्पंज, सदरे, लिंबे, साखर, तंबाखू मागवली. जखमा धुणे, पट्टी बदलणे, तहानलेल्याला पाणी देणे, मरणाऱ्याचा निरोप लिहून घेणे हे सारे चालू होते. शत्रू-मित्र हा भेद त्या बायकांनी केला नाही.

आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे झालेल्या प्रथमोपचार वर्गात बसल्यावर या प्रसंगाची दुसरी बाजू मला दिसली. पोटात जखम झालेल्याला किंवा शुद्ध हरपलेल्याला तोंडाने पाणी द्यायचे नाही, हे आज पहिल्याच तासाला शिकवतात. जखमेला हात लावण्यापूर्वी हात धुवायचे, वाहते रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ कापडाने दाबून धरायचे, हेही. १८५९ साली जंतूंचे ज्ञान नव्हते. एकच स्पंज अनेक जखमांवरून फिरे. माया पुष्कळ होती, हात शिकलेले नव्हते. आपल्याकडे घाटात एस. टी. कलंडली की गर्दी धावते, जखमींना ओढून बाहेर काढते, बसवते, तोंडाला तांब्या लावते. तिच्या मनातही काही वाईट नसते.

ड्युनांटला ही उणीव तेव्हाच उमगली होती. १८६२ साली स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकात त्याने लढाईचे वर्णन तर केलेच, पण खरा मुद्दा पुढे मांडला: शांततेच्या काळातच देशोदेशी स्वयंसेवकांची मंडळे स्थापून माणसे तयार ठेवावीत. युद्ध पेटल्यावर माणसे शोधत बसणे व्यर्थ. फेब्रुवारी १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती बसली, २२ ऑगस्ट १८६४ रोजी जिनिव्हा करारावर बारा राष्ट्रांनी सह्या केल्या. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडात सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन निघाली आणि सामान्य नागरिकही पट्ट्या बांधायला शिकू लागले. रुग्णालयात डॉक्टर येण्यापूर्वी रोग्यापाशी असते ती बहुधा परिचारिका किंवा तिची सहायक. तिला हे शिक्षण द्यावे लागते, यात आज कुणालाच नवल वाटत नाही.

आणि ड्युनांट? इकडे जग जोडताना तिकडे त्याच्या धंद्याचे दिवाळे वाजले. १८६७ साली तो बुडाला. जिनिव्हाच्या प्रतिष्ठित समाजाने त्याला दूर लोटले, समितीतूनही त्याला जावे लागले. मला हा भाग वाचवला नाही. सहकारी म्वान्ये याने तर त्याचे नावही पुढे येऊ दिले नाही, असे चरित्रकार सांगतात. पॅरिसमध्ये विटलेला कोट शाईने काळा करून आणि कॉलरला खडू फासून तो दिवस काढीत असे.

१८८७ मध्ये तो स्वित्झर्लंडमधील हायडेन या डोंगरातल्या गावी आला आणि १८९२ पासून तिथल्या रुग्णालयातच राहिला. १८९५ साली एका पत्रकाराने त्याला शोधून काढले, तेव्हा हा माणूस अजून जिवंत आहे हे जगाला कळले. १९०१ साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक फ्रेदेरिक पासी यांच्याबरोबर त्याला विभागून मिळाले. त्या पैशाला त्याने स्वतःसाठी हात लावला नाही. ३० ऑक्टोबर १९१० रोजी तो वारला. मृत्युपत्रात त्याने त्याच रुग्णालयात गावातल्या गरीब रोग्यासाठी एक मोफत खाट ठेवली होती.