माइल्स डेव्हिस यांचा खुबा आणि सिकलसेल

सिकलसेल असलेले मूल जांघेत दुखते म्हणते, तेव्हा घरचे बहुतेक वेळा नेहमीचाच झटका समजून वेदनाशामक गोळी देतात. तुमच्याही घरी असे होत असेल, तर माइल्स डेव्हिस या अमेरिकन ट्रम्पेटवादकाची हकिकत वाचा.

त्यांचा जन्म २६ मे १९२६ चा, इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावचा. वडील दंतवैद्य, घरची स्थिती उत्तम. १९५९ मध्ये आलेला ‘काइंड ऑफ ब्लू’ हा त्यांचा अल्बम जॅझ न ऐकणाऱ्यांनाही माहीत असतो. सांधे दुखण्यामागे सिकलसेल आहे हे कळले, तोवर मात्र ते पस्तिशीला आले होते.

एप्रिल १९६५ मध्ये त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. नडगीचे हाड घेऊन खुब्यात बसवले, पण ते टिकले नाही. कंटाळून ते रुग्णालयातून घरी गेले. ऑगस्टमध्ये पडले आणि पुन्हा दाखल झाले. या वेळी प्लास्टिकचा सांधा बसवावा लागला. नोव्हेंबरमध्ये ते मंचावर परतले. दहा वर्षांनी, १९७५ च्या डिसेंबरात, खुबा पुन्हा बदलावा लागला.

खुब्यातच असे का होते? मांडीच्या हाडाचा वरचा गोळा बारीक रक्तवाहिन्यांवर जगतो. विळ्यासारख्या वाकड्या पेशींनी त्या बंद झाल्या, तर रक्ताला दुसरी वाट फारशी नसते. हाडाचा तो भाग मरतो आणि पुढे वजनाखाली गोळा खचतो. यालाच आम्ही एव्हीएन म्हणतो. डेव्हिस यांच्या बाबतीत सगळा दोष सिकलसेलवर टाकता येणार नाही. ते खूप दारू पीत, आणि अति दारूनेही एव्हीएन होतो.

झटक्याचे दुखणे साधारण काही दिवसांत ओसरते. खुब्याचे दुखणे रेंगाळते, चालताना वाढते, आणि पुष्कळदा जांघेत किंवा मांडीत जाणवते. कधी फक्त गुडघा दुखतो आणि सगळे गुडघाच तपासत बसतात! मूल लंगडू लागले, त्याला मांडी घालून किंवा उकिडवे बसता येईना, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सिकलसेल आहे हे आधी सांगा. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो. त्यावर समाधान मानून परत येऊ नका, एमआरआयबद्दल विचारा. डेव्हिस यांच्या त्या शस्त्रक्रियेच्या काळात एमआरआय नव्हताच. दुसरा खुबाही तपासून घ्या, कारण हा आजार अनेकदा दोन्ही बाजूंना असतो.

गोळा खचायच्या आधी कळले, तर पायावरचा भार कमी करणे, व्यायाम, कधी हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करणे असे काही उपाय हाती असतात. हायड्रॉक्सियुरियाने झटके कमी होतात, पण मेलेले हाड त्याने जिवंत होत नाही. खचल्यावर बहुधा सांधा बदलण्याचाच विचार करावा लागतो. विशीतल्या रुग्णाला हे सांगताना आम्हालाही जड जाते, कारण कृत्रिम सांधा झिजतो आणि आयुष्यात पुन्हा बदलावा लागू शकतो. शस्त्रक्रिया ठरलीच, तर भूलतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ दोघांनाही आधी भेटा. रक्त द्यावे लागेल का, हे ते ठरवतील.

१९७५ नंतर डेव्हिस यांनी पाचेक वर्षे लोकांसमोर ट्रम्पेट वाजवली नाही. १९८१ मध्ये ते परतले आणि पुढे दहा वर्षे वाजवत राहिले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी, पासष्टाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.