कै. गणपत कृष्णाजी

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गोदातीरीं स्नानास आलेल्या यात्रेकरूस तिथि पाहावयाची झाली, तर छापील पंचांग आज कोठेंहि मिळतें. दोनशें वर्षांपूर्वीं तशी सोय नव्हती. पंचांग हातानें लिहिलें जाई, व तें पाहण्यास जोशीबोवांकडे जावें लागे. तें घरोघर पोंचविण्याचें श्रेय मुंबईच्या गणपत कृष्णाजींस आहे.

भंडारी ज्ञातींत जन्मलेले हे गृहस्थ मुद्रणकला शिकले, ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत. आपल्या लोकांचे ग्रंथहि असेच छापावे, या इच्छेनें त्यांनीं स्वतःच्या कल्पनेनें शिळायंत्र जुळविलें, योग्य दगड शोधिले, व शाईहि स्वतः करून पाहिली. शाईंत चरबी असते म्हणून सोंवळे लोक छापील कागदास शिवत नसत. तेव्हां गणपतरावांनीं शाईंत तूप घातलें. अशा रीतीनें १८३१ सालीं त्यांचें पंचांग छापून निघालें. पुढें अक्षरांचे ठसे करून त्यांनीं खिळेहि ओतले, आणि पंचांग खिळ्यांनीं छापूं लागले.

हा फरक लहान नव्हे. दगडावर सबंध पान एकसंध उमटतें. खिळ्यांत प्रत्येक आंकडा सुटा असतो. तिथि, वार, नक्षत्र, योग व करण यांचे रकाने तेच राहतात, आंकडे मात्र रोज बदलतात. नक्षत्राच्या घटिका तिथीच्या रकान्यांत पडल्या, तर आंकडा खरा असूनहि पंचांग खोटें ठरतें, आणि एखाद्या घरचें व्रत भलत्याच दिवशीं घडतें.

सांप्रत संगणक शिकणाऱ्या मुलांस हाच विचार निराळ्या रूपानें भेटतो. अमेरिकेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास रचिलेल्या सी भाषेंत प्रिंटएफ नांवाचें फंक्शन आहे. त्यास प्रथम मजकुराचा सांचा द्यावयाचा. सांच्यांतील टक्क्याचें चिन्ह म्हणजे भरावयाची मोकळी जागा. चिन्हापुढें डी असल्यास तेथें पूर्णांक, एफ असल्यास दशांश अपूर्णांक, व एस असल्यास शब्द बसतो. मध्यें संख्या लिहिली, तर रकान्याची किमान रुंदी ठरते. नाशिकरोडच्या ज्या छापखान्यांत १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत, तेथील नोटेवर ४७ हा क्रमांक ००००४७ असा सहा आंकडी येतो. सी भाषेंत टक्का व डी यांमध्यें ०६ लिहिलें कीं तसेंच छापलें जातें. मात्र सांच्यामागून द्यावयाच्या किंमती त्याच क्रमानें, त्याच जातीच्या व पुरेशा हव्यात. एखादी कमी पडली, तर प्रिंटएफ विचारावयास थांबत नाहीं, आणि मग काय छापलें जाईल याचा नेम नसतो. ती जबाबदारी लिहिणाराची.

गणपत कृष्णाजी १८६० सालीं वारले. त्यांच्या नांवाचा छापखाना त्यांच्यामागेंहि चालला. मित्रहो, खिळा काय, प्रिंटएफ काय, दिलेलें निमूटपणें छापतो. खरें-खोटें जाणणारा हात आपलाच असतो. गणपतरावांनीं तो हात श्रमानें कमाविला. आपणहि वहींतील साधें कोष्टक आखतांना, प्रत्येक आंकडा आपल्या जागीं आहे ना, हें एकदां पाहून घ्यावें.