विश्लेषण : समुद्राखालचे जग सामान्यांना दाखवणारे झाक कुस्तो कोण होते?

मालवण-तारकर्ली असो, गोवा असो किंवा अंदमान, सुटीत स्नॉर्केलिंगसाठी पाण्यात उतरण्यापूर्वी गाइडची सूचना ठरलेली असते. कासवाला हात लावू नका, प्रवाळावर पाय ठेवू नका, माशांच्या मागे धावू नका. समुद्राखालचे जग ज्यांनी जगापुढे आणले, त्या फ्रेंच संशोधक झाक-ईव्ह कुस्तो यांच्या सुरुवातीच्या चित्रपटात मात्र यातला प्रत्येक नियम मोडलेला दिसतो. पुढे हेच कुस्तो समुद्ररक्षणाचा चेहरा झाले. हा बदल कसा घडला?

समुद्राशी ओळख कशी झाली?

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सां-आंद्रे-द-कुबझाक या गावी झाला. १९३० मध्ये ते नौदलाच्या अकादमीत दाखल झाले. त्यांना वैमानिक व्हायचे होते. मात्र मोटार अपघातात हातांना जबर दुखापत झाली आणि ते स्वप्न संपले. हातांत बळ यावे म्हणून ते तुलोंजवळच्या समुद्रात पोहू लागले. १९३६ मध्ये नौदलातील सहकारी फिलिप ताये यांनी त्यांना पाण्यात वापरायचा चष्मा दिला. तो लावून पाण्याखाली पाहिले आणि कुस्तो यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

चष्म्याने एवढा फरक का पडतो?

मानवी डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे. पाणी थेट डोळ्याला लागले की प्रकाश पुरेसा वळत नाही आणि सारे धूसर दिसते. काच आणि डोळा यांच्यामध्ये हवेचा थर राहिला की चित्र पुन्हा स्पष्ट होते. आजच्या स्नॉर्केलिंगच्या मास्कचे तत्त्वही हेच.

श्वासाचा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. स्नॉर्केलची नळी लांब करून खोल जाता येत नाही. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. हा दाब छातीवर असताना पृष्ठभागावरची हवा नळीतून ओढणे फुप्फुसांना जमत नाही. म्हणून नळी आखूड असते आणि स्नॉर्केलिंग करणारा पृष्ठभागावरच तरंगतो.

‘ॲक्वालंग’ काय होते?

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती. मोटारी गॅसवर चालवण्यासाठी अभियंता एमिल गान्यां यांनी गरजेपुरताच गॅस सोडणारी झडप तयार केली होती. कुस्तो यांना नेमके तेच हवे होते. दोघांनी मिळून १९४३ मध्ये ‘ॲक्वालंग’ बनवले. पाठीवरच्या नळकांड्यांत दाबलेली हवा असे. पाणबुड्याने श्वास घेतला की झडप उघडे आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा तोंडात येई. पॅरिसजवळच्या मार्न नदीतील पहिल्या चाचणीत दोष आढळला. तो दूर केल्यावर त्याच वर्षी भूमध्य समुद्रात चाचणी यशस्वी झाली. जहाजाला बांधलेली हवेची नळी आणि जड पोशाख यांची गरज संपली. आज पर्यटक स्कूबा डायव्हिंग करतात ते याच पद्धतीच्या सुधारित साधनाने.

वाद कशामुळे?

१९५० मध्ये ब्रिटिश उद्योजक लोएल गिनेस यांनी जुने सुरुंगशोधक जहाज विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने कुस्तो यांना दिले. हेच ते ‘कॅलिप्सो’. मोहिमांना पैसा लागे. त्यासाठी १९५४ मध्ये या जहाजाने अबू धाबीच्या समुद्रात तेलशोधाचे कामही केले.

लुई माल यांच्यासह केलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च ‘पाम द ओर’ पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी ऑस्करही. प्रेक्षकांनी समुद्रतळ रंगांत पाहिला. मात्र त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळात स्फोट घडवला जातो. पाणबुडे कासवाला धरून सवारी करतात. जहाजाच्या पंख्यामुळे जखमी झालेल्या स्पर्म व्हेलच्या पिलाला मारले जाते आणि ते खायला आलेल्या शार्कना डेकवर ओढून ठार केले जाते. त्या काळात समुद्र अथांग आणि न संपणारा समजला जाई. आज ही दृश्ये पाहवत नाहीत.

भूमिका कशी बदलली?

वर्षानुवर्षे त्याच पाण्यात उतरणाऱ्या कुस्तो यांना भूमध्य समुद्रातले मासे आणि वनस्पती कमी होताना दिसत होत्या. १९६० मध्ये किरणोत्सर्गी कचरा या समुद्रात टाकण्याच्या बेताला त्यांनी जाहीर विरोध केला. जनक्षोभ उसळला आणि बेत बारगळला.

तरीही माणसाने समुद्रतळावर वस्ती करावी, हे स्वप्न त्यांनी लगेच सोडले नाही. १९६३ मध्ये सुदानजवळ तांबड्या समुद्रात १० मीटर खोलीवरच्या घरात त्यांचे पथक महिनाभर राहिले. १९६५ मध्ये १०० मीटरवर प्रयोग झाला. त्यानंतर मात्र ते या कल्पनेपासून दूर गेले. १९६८ पासून दूरचित्रवाणी मालिकेमुळे त्यांची लाल टोपी घरोघरी पोहोचली. १९७३ मध्ये समुद्ररक्षणासाठी ‘कुस्तो सोसायटी’ स्थापन झाली. अंटार्क्टिकात खाणकाम होऊ नये यासाठी त्यांनी लाखो स्वाक्षऱ्या जमवल्या. १९९१ च्या माद्रिद कराराने तेथे खाणकामावर बंदी आली.

अखेरची वर्षे कशी गेली?

या कामाची मोठी किंमत कुटुंबाने मोजली. मोहिमांत सोबत असणारा धाकटा मुलगा फिलिप १९७९ मध्ये लिस्बनजवळ समुद्री विमानाच्या अपघातात गेला. ‘कॅलिप्सो’वर वर्षानुवर्षे वावरलेल्या पत्नी सिमोन यांचे १९९० मध्ये निधन झाले. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून ‘कॅलिप्सो’ बुडाली. ती वर काढली गेली, पण कुस्तो यांना घेऊन पुन्हा मोहिमेवर निघाली नाही. ८७ वा वाढदिवस झाल्यावर दोनच आठवड्यांनी, २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कुस्तो यांचे निधन झाले. जन्मगावीच त्यांचे दफन झाले.

आजच्या पर्यटकासाठी अर्थ काय?

प्रवाळ हा दगड नसून सजीवांची वसाहत आहे. एका पावलाने मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षे लागतात. कासवाला श्वासासाठी वर यावेच लागते, त्याला धरून ठेवणे जिवावर बेतू शकते. भारतात प्रवाळ आणि सागरी कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कुस्तो यांच्या पथकाला हे नियम सांगणारा कोणी नव्हता. पर्यटकाला ते पाण्यात उतरण्यापूर्वीच सांगितले जातात, पाळणे त्याच्या हाती असते.