सर सालारजंग (पहिले) : कर्जात बुडालेल्या राज्याचा दिवाण

हिंगोली शहरातील पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे आपणांस परिचित असतील. ही नावे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावणीची आठवण आहेत. फौज निजामाच्या नावाची, तिचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा, असा हा विलक्षण प्रकार होता. या फौजेच्या पगारापायी राज्य कर्जात बुडाले आणि वऱ्हाड हातचे गेले. मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग यांचे चरित्र समजून घ्यायचे तर आरंभ येथूनच करावा लागतो.

त्यांचा जन्म १८२९ साली दिवाणांच्या घराण्यात झाला. पणजोबा मीर आलम, आजोबा मुनीर-उल-मुल्क आणि चुलते सिराज-उल-मुल्क या तिघांनीही दिवाणपद भूषविले होते. आजोबांचे दिवाणपद मात्र नावापुरतेच होते. खरी सत्ता चंदुलाल यांच्या हाती होती व ती १८४३ पर्यंत टिकली. कंटिंजंटचा पगार भागविण्यासाठी त्यांनी पामर कंपनीकडून आणि सावकारांकडून भारी व्याजाने कर्ज काढले. १८०० च्या तहाने निजामावर युद्धकाळात फौज पुरविण्याचे बंधन होते, शांततेच्या काळात ती कायम पोसण्याचे नव्हते, हे येथे ध्यानात ठेवावे. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे सोपविण्यात आले. तहानंतर काही दिवसांतच सिराज-उल-मुल्क वारले आणि महिना संपण्याच्या आत चोवीस वर्षांचे सालारजंग दिवाण झाले.

दुबळ्या राज्याला कर्जाने बांधून ठेवण्याची रीत त्या शतकात अन्यत्रही दिसते. कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाचे अध्यक्ष बोयर यांना १८२५ साली फ्रेंच युद्धनौकांच्या धाकाखाली १५ कोटी फ्रँकची भरपाई मान्य करावी लागली. स्वतःच्या स्वातंत्र्याची ती किंमत होती.

सालारजंगांना मिळालेला कारभार कसा होता? तालुके मक्त्याने दिलेले होते. कर्जापोटी कित्येक तालुके अरब जमादारांच्या व सावकारांच्या ताब्यात गेले होते. मक्तेदाराने सरकारला ठरीव रक्कम भरायची आणि रयतेकडून जमेल तितके उकळायचे, अशी व्यवस्था होती. सालारजंगांनी एकेक तालुका सोडवून घेतला आणि तेथे पगारी तालुकदार नेमले. १८६५ पासून जिल्हाबंदी झाली व सुभेदार, तालुकदार, तहसीलदार अशी उतरंड उभी राहिली. पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन सारा ठरविण्यात येऊ लागला. आपल्या गावच्या तहसील कचेरीचा पूर्वज शोधू गेल्यास तो याच काळात सापडतो. सालारजंगांचे सर्वांत टिकाऊ काम, माझ्या मते, हेच होय.

या कारभाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दरबारची भाषा फारसी होती आणि ती तशीच राहावी असा त्यांचा कल होता. उर्दू आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८८४ साली. नव्या खात्यांसाठी त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला या वरच्या कारभारात फारसे स्थान मिळाले नाही.

१८५७ मध्ये त्यांची खरी कसोटी लागली. मे महिन्यात निजाम नासिर-उद्-दौला वारले आणि अफझल-उद्-दौला गादीवर आले. औरंगाबादेत कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष उफाळला. १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. सालारजंगांनी रेसिडेंटला आधीच सावध केले होते. हल्ला फसला, पुढे तुर्रेबाज खान मारले गेले व मौलवींना अंदमानला धाडण्यात आले. १८५८ मध्ये मध्य हिंदुस्थानात झाशीच्या राणीविरुद्ध लढलेल्या इंग्रज सैन्यात कंटिंजंटच्या तुकड्याही होत्या. आज आपण हे वाचतो तेव्हा मनाला बोचते, आणि ते बोचणे रास्तच आहे. त्याच वेळी, निजामशाही टिकली ती या निर्णयामुळे, हेही नाकारता येत नाही. शहरातील अनेकांनी त्यांना क्षमा केली नाही. १८५९ आणि १८६८ अशा दोन वेळा त्यांच्यावर प्राणघातक हल्ले झाले व दोन्ही वेळा ते बचावले.

या निष्ठेचे फळ काय मिळाले? १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब परत आले व ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे इंग्रजांचा. आजच्या हिंगोली जिल्ह्याची उत्तर सीमा ही त्या काळी दोन राजवटींची सीमा होती.

१८६९ साली अफझल-उद्-दौला वारले. वारस महबूब अली खान तीन वर्षांचेही नव्हते. कारभार सालारजंग आणि सहपालक शम्स-उल-उमरा यांच्याकडे आला. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादेकडे रेल्वे सुरू झाली, तीही निजामाच्या पैशाने. तथापि वऱ्हाड परत मिळविणे हा सालारजंगांचा ध्यास झाला होता. त्यांनी अर्जांमागून अर्ज केले. १८७६ मध्ये ते विलायतेस निघाले. वाटेत पॅरिसला जिन्यावरून पडून त्यांचे मांडीचे हाड मोडले. पुढे विलायतेत त्यांचा मोठा गौरव झाला, ऑक्सफर्डने पदवी दिली. वऱ्हाडचे उत्तर मात्र नकारच. उलट १८७७ साली त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्या जोडीला दुसरा सहपालक नेमण्यात आला. (हैदराबादचे प्रसिद्ध संग्रहालय प्रामुख्याने त्यांचे नातू तिसरे सालारजंग यांच्या संग्रहातून उभे राहिले, या दोघांची गल्लत करू नये.)

८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने त्यांचा मृत्यू झाला. वय ५४. तीस वर्षे ते दिवाण होते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाले आणि हिंगोलीची छावणी उठली.