लक्ष्मीबाई टिळक : भरल्या घराची आई



आपल्या घोडबंदर रोडवरच्या बहुतेक घरांत आज लहान मुले आहेत. आईवडील दोघेही नोकरीला, माजिवड्याच्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत रात्र झालेली, घरभर खेळणी पसरलेली, एका मुलाचा अभ्यास राहिलेला आणि दुसऱ्याला ताप. अशा वेळी खालून वॉचमनचा इंटरकॉम वाजला की पाहुणा कोण आहे हे कळण्याआधीच आपला चेहरा उतरतो. मुले मोठी झाली की मग लोकांना घरी बोलावू, असे आपण म्हणतो आणि वर्षे निघून जातात. म्हणून या रविवारी आपण एका मराठी ख्रिस्ती गृहिणीची ओळख करून घेऊ या. त्या आपल्या कॅथलिक परंपरेतल्या नव्हत्या, पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडील अत्यंत कडक सोवळे पाळणारे होते. बाहेरून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आणि माणसाला विटाळाची भीती चिकटलेली असे. अशा घरात वाढलेल्या मुलीला परक्याचा स्पर्श म्हणजे संकट वाटावे, यात नवल नाही. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, मनाने उदार आणि स्वभावाने लहरी. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन टाकावा आणि घरी रिकाम्या हाताने यावे, असा त्यांचा संसार.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर जणू आभाळ कोसळले. दत्तू तेव्हा अगदी लहान होता. त्याला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी राहिल्या. चार-पाच वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, पण आपला धर्म सांभाळूनच. स्वतःची चूल आणि पाणी त्यांनी वेगळे ठेवले. एका घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही.

पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी मनाला विचारला. तो माणसाने केला आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले आणि तसे केले. स्नानसंस्कार नंतरचा, तो 1900 साली राहुरी येथे झाला. म्हणजे त्यांच्या बाबतीत घराचे दार उघडण्याआधी मनाचे दार उघडले होते. हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तो काळ मोठ्या दुष्काळाचा होता. 1899-1900 मध्ये नगर जिल्ह्यात माणसे अन्नावाचून मरत होती, मुले पोरकी होत होती. टिळकांच्या घरात अशा अनाथ मुलांना आसरा मिळाला. पगार तुटपुंजा, खाणारी तोंडे वाढती. दत्तूच्या पंगतीला परकी मुले बसू लागली आणि हळूहळू ती परकी राहिली नाहीत. जी बाई एकेकाळी दुसऱ्याची सावली टाळत होती, ती आता कोणाच्या कोण मुलांना न्हाऊ-माखू घालू लागली.

अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) टिळकांच्या घराला पाहुण्यांचा खंड नव्हता. कवी, विद्यार्थी, धर्माची चौकशी करणारे, नुसतेच भुकेलेले, सगळे येत. बालकवी म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे कोवळ्या वयात काही काळ या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. 1918 साली रेल्वे अपघातात बालकवी गेले.

हे सगळे हसतखेळत झाले, असे मात्र कोणी समजू नये. पाहुण्याला घेऊन येणारे टिळक, आणि डब्यात पीठ आहे की नाही हे पाहणाऱ्या लक्ष्मीबाई. त्या चिडत, भांडत, रुसत. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे काहीही लपवलेले नाही. स्वतःची फजितीही हसत हसत सांगितली आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईचे पुस्तक मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते, ते या खरेपणामुळेच.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. दत्तू म्हणजे देवदत्त टिळक; आईच्या आठवणी जगापुढे आणण्यात याच मुलाचा मोठा वाटा होता.

बंधू-भगिनींनो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, पाहुणचाराला नीटनेटके घर लागत नाही. एम्माऊसच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनी अनोळखी सोबत्याला फक्त आग्रह केला आणि घरात असलेली भाकर पुढे ठेवली. दुसरी गोष्ट, मुले पाहुणचार पाहून शिकतात. आपल्या ताटातले दुसऱ्याला वाढलेले ज्या मुलाने पाहिले, त्याला दानधर्म वेगळा शिकवावा लागत नाही. तिसरी गोष्ट पुरुषांसाठी. टिळकांच्या औदार्याचे ओझे बऱ्याचदा लक्ष्मीबाईंच्या पाठीवर पडले. पाहुण्याला बोलावणाऱ्याने भाजी चिरावी, मुलांना झोपवावे, भांडीही घासावीत. नाहीतर एकाचा पाहुणचार आणि दुसऱ्याची शिक्षा, असे होते.

आपल्याच इमारतीत नव्याने राहायला आलेले कुटुंब असेल, मुले परदेशी असलेले आजी-आजोबा असतील, गावाहून नोकरीसाठी आलेली एखादी मुलगी असेल. या आठवड्यात त्यांपैकी एकाला घरी बोलवू या. वरण-भात पुरे. खेळणी बाजूला सरकवली की बसायला जागा होते.

हे प्रभो, तू आमच्या दारी पाहुणा होऊन येतोस. आमच्या थकलेल्या आईवडिलांना बळ दे, आमच्या मुलांना वाटून खायला शिकव आणि आमच्या मनाचा उंबरठा ओलांडायला आम्हांला साहाय्य कर. आमेन.