सह्याद्रीच्या वनस्पतींचे नोंदकर्ते : फादर सांतापाव

सह्याद्रीच्या वनसंपदेची अत्यंत बारकाईने नोंद करणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांच्या जीवनकार्याचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

फादरांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील ला गालेरा या गावी झाला. १९२८ साली ते भारतात आले. पुढे लंडन येथे वनस्पतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन १९४० साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

खंडाळ्याचा घाट ही त्यांची खरी प्रयोगशाळा होती. वेगवेगळ्या ऋतूंत डोंगर पालथे घालावेत, वनस्पतींचे नमुने दाबून वाळवावेत, प्रत्येकासोबत स्थळ व तारीख लिहून ठेवावी, असे ते चिकाटीचे काम होते. त्यातून १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुरंदरच्या वनस्पतींचीही त्यांनी अशीच नोंद केली. अनेक वर्षांनी एकदाच सामूहिकपणे फुलणारी कारवी हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

१९५४ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेत ते मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, तर १९६१ ते १९६७ या काळात त्यांनी संस्थेचे संचालकपद सांभाळले. १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. एका दुर्मीळ कंदीलपुष्पाच्या शास्त्रीय नावात त्यांची स्मृती जपलेली आहे.

फादरांच्या पश्चात खंडाळा पुष्कळ बदलला. बंगले वाढले, द्रुतगती महामार्ग आला. याउलट साताऱ्याजवळील कास पठाराला २०१२ साली कोयना, चांदोली व राधानगरी यांच्यासह जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. एका स्थळाला संरक्षण लाभते, दुसऱ्याला लाभत नाही. मात्र कोठे काय उगवत होते हे लिहिलेले नसेल, तर काय हरवले हेही कोणास कळणार नाही. म्हणूनच फादरांच्या नोंदींचे मोल आम्हांला मोठे वाटते.

देवाच्या निर्मितीवरील प्रेम त्यांनी चिकाटीच्या अभ्यासातून व्यक्त केले. पावसाळी सहलीस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी व युवकांनी रानफुले न तोडता, न तुडवता केवळ डोळे भरून पाहावीत. फादरांना हीच खरी आदरांजली ठरेल, असे आम्ही मानतो.